काहीच ऐकू न येण्याचे पैसे

मी साउंड कार्ड बोलतोय. दचकू नका. तुमच्या कॉम्प्युटरमधलं गाणं, बोलणं, खोकणं सगळं माझ्यासारख्याच कुणाच्या तरी अंगावरून जातं. आज जरा स्वतःचं सांगतो, एवढंच.

माझा जन्म कारखान्यातला. हातभर टेबलावर मला ठेवून एका तपासनीस बाईंनी कानाला हेडफोन लावला आणि म्हणाल्या, "हा अगदी गप्प आहे. पास!" गप्प बसल्याबद्दल जन्मतःच शाबासकी मिळवणारा मी एकटाच असेन.

दुकानात मात्र या गुणाला कुणी विचारेना. शेजारच्या खोक्यात गेम खेळणाऱ्यांसाठीचं कार्ड होतं. त्याच्या अंगावर लाल, निळे, जांभळे दिवे! माझ्या अंगावर एक दिवा नाही. गिऱ्हाईक यायचं, मला उलटंसुलटं करायचं आणि नाक मुरडून परत फळीवर ठेवायचं. मला वाईट वाटायचं, का नाही वाटणार?

एके दिवशी एक जोडपं आलं. नवरा म्हणजे मास्तर, मोटार शिकवणारे. त्यामुळे बोलणं कायम शिकवणीचं. "हळू, हळू, पायरी आहे," असं म्हणतच ते बाईंना आत घेऊन आले. बाई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी खोचून लोकांचे फोन जोडून द्यायच्या. अख्खं गाव त्यांचा चेहरा न बघता आवाज ओळखायचं. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि तो आवाज "दूध आलं का" आणि "पंखा बंद करा" एवढ्यापुरता उरला. ते त्यांना फार लागलं होतं.

आता एका संस्थेला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी माणसं हवी होती. बाईंनी घरूनच नमुना पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला. पुन्हा परत. "वाचन सुंदर आहे, पण मागे खरखर आहे. आणखी एकदाच ऐकू," असा निरोप आला. म्हणजे ही शेवटची संधी.

"चांगल्यातलं दाखवा," मास्तर म्हणाले. "आवाज दणदणीत पाहिजे."

दुकानदारानं विचारलं, "आवाज ऐकायचाय की भरायचाय?"

मास्तर गोंधळले. "आवाज तो आवाज. त्यात दोन गिअर असतात का?"

"असतात की! हे दिव्यांचं कार्ड बाहेर जाणारा आवाज झकास देतं. पण ताईंना आत येणारा आवाज स्वच्छ हवाय."

त्यानं बाईंच्या कानाला हेडफोन लावला, काउंटरवरच्या उघड्या कॉम्प्युटरला आधी ते दिवेवालं कार्ड जोडलं, मग मला. दोन्ही वेळा माइक नुसता चालू ठेवला आणि जे भरलं गेलं ते ऐकवलं.

"पहिल्यात तळण चालल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता काहीच ऐकू येत नाही."

"तेच विकतोय मी!"

"काहीच ऐकू येत नाही त्याचे पैसे?" मास्तर किंचाळलेच. पण बाईंनी हेडफोन काढलाच नाही. डोळे मिटून त्या ती शांतता ऐकत राहिल्या. मी हरखून गेलो. कारखान्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला ओळखलं होतं.

घरी मास्तरांनी कॉम्प्युटर उघडला, धूळ फुंकली, स्वतःच शिंकले आणि मला जागेवर बसवलं. स्क्रू आवळताना "हळू, हळू" असं स्वतःलाच सांगत होते. मागे माइकची वायर जोडली आणि ऐटीत म्हणाले, "हं, सोड गाडी!"

बाईंनी वाचलं. मग ऐकलं. खरखर! तीच, जशीच्या तशी.

बाईंचा चेहरा पडला. नमुना संध्याकाळपर्यंत पोचायला हवा होता. मास्तर तणतणले, "फसवलं त्या माणसानं! परत करून येतो." त्यांनी माझा खोका शोधायला घेतला. इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला ओरडून सांगायचं होतं की अहो, वायर मला लावलेलीच नाही! कॉम्प्युटरला जन्मापासून माइकसाठी स्वतःचं एक जुनं गुलाबी भोक होतं, सवयीनं मास्तरांनी माइक तिथेच खोचला होता. सून घरात आणावी आणि किल्ल्या सासूच्याच कमरेला राहाव्यात, तशी माझी गत. पण माझ्याकडे कुणी आवाज पाठवल्याशिवाय मी बोलणार कसा?

बाई वायर काढायला वाकल्या. वाकल्या आणि थबकल्या. त्यांचं निम्मं आयुष्य वायरी योग्य भोकात घालण्यात गेलं होतं.

"अहो!"

"काय झालं?"

"राँग नंबर!"

त्यांनी वायर उपसली आणि माझ्यात खटकन बसवली. मग त्यांचा आवाज माझ्यात शिरला. काय सांगू! भरदार, जरासा खालच्या पट्टीतला, शब्दाशब्दाला थांबून वाट करून देणारा. मी माझं एकमेव काम केलं. मधे मधे केलं नाही. वाचन संपलं, नमुना पुन्हा न ऐकता तसाच घाईघाईनं गेला.

दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. मास्तरांनी स्पीकर चालू केला आणि श्वास रोखून उभे राहिले.

"खरखर पार गेली," मॅडम म्हणाल्या. "आवाज तर अप्रतिम. पुस्तक पाठवते आहे तुम्हाला."

बाई खुर्चीत बसल्याच.

"फक्त एक करा. शेवटी कुणीतरी हळूच 'वा!' म्हणालंय. त्यांना पुढच्या वेळी खोलीबाहेर बसवा."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर घाईघाईनं पंख्याकडे पाहू लागले. इतकी वर्षं त्यांनी बाईंना फक्त सूचना दिल्या होत्या. ते 'वा' इतकं पुटपुटलं गेलं होतं की शेजारी बसलेल्या बाईंनाही कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मी आत येणारं काहीच गाळत नाही.

आता बाईंची बरीच पुस्तकं झाली आहेत. मी मात्र दिव्यावाचून, अंधारात, मजेत आहे. तुम्ही माझ्या भावंडांपैकी कुणाला घ्यायला गेलात, तर दिव्यांना भुलू नका. आवाज ऐकायचाय की भरायचाय ते आधी ठरवा आणि थोडी शांतताही ऐकून बघा. मास्तर हल्ली रेकॉर्डिंगच्या वेळी दाराबाहेर स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करतात. ते शिकवणीला गेले आणि हाताशी काम नसलं, की बाई तो नमुना उघडतात. स्वतःचं वाचन भराभर पुढे सारतात आणि फक्त शेवट ऐकतात.