चंद्रीचा तांब्या

"इथं," मेजरसाहेबांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "साक्षीदार म्हणून. नाव लिहिता येतं ना तुला?"

आप्पासोला नाव लिहिता येत होतं. गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा एका मास्तरीणबाईंनी महिनाभर हात धरून त्याला तेवढं शिकवलं होतं. त्यापुढे त्याची आणि अक्षरांची ओळख नव्हती.

"वाचून दावा की सायेब. न बघता पानी पिऊ नये, न वाचता सही करू नये म्हनत्यात."

मेजरसाहेबांनी चष्मा चढवला. घोड्याचं नाव मोनार्क, वय वर्षं चार. मग बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, अशा पाच पिढ्या. सगळी नावं इंग्रजी, त्यातली दोन-तीन तर सातासमुद्रापलीकडची. मेजरसाहेबांनी ती आरती म्हणावी तशी एका दमात म्हटली. मग आवाज थोडा उतरवून ते म्हणाले, "आई, सिल्व्हर बेल."

आप्पासोनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"ह्याची आय चंद्री हाय सायेब. माजी घोडी."

"मला माहीत आहे."

माहीत नसायला काय झालं? कराडबाहेर कृष्णाकाठी मेजरसाहेबांनी घोडेस्वारीची शाळा काढली, तेव्हा जत भागातून हा धनगर आपली एक घोडी आणि बायको घेऊन त्यांच्याकडे घोड्यांची निगा राखायला मोतद्दार म्हणून आला. मेंढरं विकून झाली होती. कळप गेला, मेंढरांची वाडगी गेली, पण ज्या घोड्यांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड हिंडलं, त्यांतली ही शेवटची घोडी काही त्याच्यानं विकवली नव्हती. चार वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, एकाच आठवड्यात तबेल्यात दोन घोड्या व्याल्या. दोघींना लावलेला घोडा साहेबांचाच, आणि शिंगरं शाळेची असं ठरलेलं. साहेबांच्या सिल्व्हर बेलचं शिंगरू मेलेलंच जन्मलं. चंद्रीचं जगलं, पण आठव्या दिवशी चंद्रीच गेली. तिला आप्पासोनं स्वतः खड्डा खणून पुरलं होतं आणि शेजारी उभं राहून मेजरसाहेबांनी टोपी काढली होती.

"पुण्याच्या बाई उद्या येतायत," मेजरसाहेब म्हणाले. "घोडा त्यांनी पाहिलाय. त्याची चाल बघून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण त्यांना आई-बाप दोन्ही बाजू कागदावर लागतात. आई धनगराच्या बिऱ्हाडातली म्हटलं की गाडी फिरवून परत जातील."

"जाऊंदेत की मग."

"आणि मग? शाळा या दिवाळीला बंद होतेय, आप्पासो. मग सांगलीचा तो वरातवाला आहे. तो कागद विचारत नाही."

वरातवाल्याचं नाव निघाल्यावर आप्पासोनं रिंगणाकडे मान वळवली. मोनार्कला रिंगणात चालताना बघणं हे त्याच्या आयुष्यातलं एक सुख होतं. वर बसलेल्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही, हात उचलायचा नाही. नुसत्या मांडीच्या दाबावर घोडा आडवा चाले, जागच्या जागी पाऊल टाके, गिरकी घेई. साहेब ह्या विद्येला ड्रेसाज म्हणत. ह्या घोड्यानं त्यापायी कधी मार खाल्ला नव्हता. आणि सांगलीत आप्पासोनं घोडा नाचायला कसा शिकवतात तेही पाहिलं होतं. दोन खुंटांना तोंड बांधून पुढच्या गुडघ्यांवर काठी मारत राहायचं, मुकं जनावर पाय उचलेपर्यंत. आकडी आल्यासारखं डोकं उडवणाऱ्या तिथल्या एका घोड्याचे गुडघे त्याला आठवले.

"चंद्री मेली आहे," मेजरसाहेब हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "तिला आता काय फरक पडतो? पोराचं तरी बरं होऊ दे."

आप्पासोनं सही केली. 'आप्पा' नीट आलं. 'सो' मात्र चौकटीबाहेर गेला.

त्याची बायको दगडाबाई गोठ्याशी घास कापत होती. तिला सांगायचं नाही असं ठरवून तो आला होता, पण तीस वर्षं संसार केलेल्या बाईसमोर तोंड बंद ठेवता येतं, पडलेला चेहरा लपवता येत नाही.

"काय लिवलं आईच्या जागंला?" तिनं विळा न थांबवता विचारलं.

त्यानं सांगितलं.

"बरं केलंसा," ती म्हणाली. मग विळा थांबला. "आवं, माजं सोडा. मला देवानंच दिलं न्हाई. पर चंद्रीला तर झालंतं न्हवं? झालेलं लेकरू बी तिचं न्हाई म्हनायचं?"

आप्पासो तिच्या शेजारी बसून घासाच्या पेंढ्या बांधू लागला.

त्या शिंगराला जगवलं होतं दगडाबाईनं. तोटीच्या पितळी तांब्यात शेळीचं दूध कोमट करून, तोटीला जुन्या कापडाचं धडपं गुंडाळून, दर दोन तासांनी. त्याला मोनार्क सगळं जग म्हणे, ती बाळ्या म्हणायची. घोडा थोराड झाला तरी तांब्यावर तिच्या बांगड्यांचा आवाज झाला की तो कान टवकारून दाराशी येई. मोतद्दार लोक हसायचे. हसोत बापडे.

गुरुवारी ट्रक आला. घोडा काही केल्या फळीवर पाय ठेवेना. पुण्याच्या बाईंबरोबर आलेल्या माणसानं चाबूक काढला, तशी दगडाबाई पुढं झाली. तांब्या घेऊन ती स्वतः फळीवरून ट्रकात चढली आणि बांगड्या वाजवल्या. घोडा तिच्या मागोमाग आत गेला. आतल्या अंधारात ती थोडा वेळ थांबली. मग घोड्याच्या बाजूच्या फटीतून अंग चोरून खाली उतरली, आणि लोकांनी फळी वर केली.

"शहाणं हाय," एवढंच ती म्हणाली. मग तोंडाला पदर लावून खोलीत गेली.

दोन दिवसांनी, सकाळी सकाळी, बसाप्पा हेळवी दारात उभा राहिला.

हेळवी म्हणजे कर्नाटकातून येणारा, घराण्यांच्या पिढ्या वहीत राखणारा माणूस. पाच-सात वर्षांनी एकदा यायचा, घरासमोर बसून मूळ पुरुषापासून वंश म्हणायचा, नवी जन्मलेली पोरं लिहून घ्यायचा आणि दान घेऊन जायचा. त्याचे वाडवडील बैलावर बसून आले. बसाप्पाही जतकडच्या त्यांच्या गावापर्यंत बैलावरच आला होता. तिथून पुढं बैलाला तिकीट मिळेना म्हणून एकटा एसटीनं आला.

"घराला कुलूप बगितलो. मग इचारत इचारत आलो, यजमान," तो म्हणाला. "वंश सोडून जाता येत न्हाई."

त्यानं पोतडीतून वही काढली आणि बसक्या, लांब सुरात सुरू केलं. अमक्याला तीन लेक, त्यातल्या मधल्याला दोन लेक. कोण कुठल्या पाण्याला गेलं, कोण कुठल्या दुष्काळात दगावलं. दगडाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. आप्पासोच्या बापाचं नाव आलं, तशी ती उठली आणि तिनं घागर कमरेवर घेतली. दर खेपेला ती ह्याच जागी उठायची. पुढचं तिला पाठ होतं. आप्पासोचं नाव आलं की हेळवी थांबायचा, घसा साफ करायचा आणि चुलत्याच्या वंशाकडे वळायचा.

बसाप्पानं घसा साफ केला.

"थांबा," आप्पासो म्हणाला. "माज्या पुढं ल्ह्या. काळीची शेवंती, शेवंतीची हरणी, हरणीची मैना, मैनेची चंद्री. चंद्रीला एक लेक."

"ह्या बायका कोन?"

"घोड्या हायत्या. आमच्या बिऱ्हाडाच्या."

बसाप्पानं दोन्ही हात वहीवर ठेवले. "न्हाई जमनार, यजमान. वही मानसांची हाय. जनावर घातलो तर माजा आजा सपनात येऊन बडवंल मला."

"लय केलंय वो त्यांनी. आमच्या बाळतिनी त्यांच्याच पाठीवर हिंडल्यात..." आप्पासो पुढं सरकून वहीपाशी बसला. "म्या तिचं नाव खोडलंय, बसाप्पा. माज्या सहीनं. कुटं तरी ऱ्हाऊंद्या."

हेळव्याला वाईट वाटलं ते दिसत होतं. पण त्याचे हात वहीवरून हलले नाहीत.

दगडाबाई दारातच थबकली होती. घागर तिथंच टेकवून ती आत गेली आणि तोटीचा तांब्या घेऊन आली. चिंचेनं घासलेला होता. तोटीला धडप्याची चिंधी अजून होती.

"दान तर लिवतासा न्हवं?" तिनं विचारलं.

"लिवतो की. काय दिलं, कुनी दिलं, ती वस्त कुठली, समदं."

"मग लिवा." तिनं तांब्या त्याच्यासमोर ठेवला आणि घागर पुन्हा कमरेवर घेतली. एकेक शब्द तोलून ती सांगू लागली.

बसाप्पा मिशीत हसला आणि पेनाचं टोपण काढलं. आजा दानाला काही म्हणणार नव्हता.

नवं लिहिलं की वंश पुन्हा म्हणून दाखवायचा, अशी रीत आहे. बसाप्पानं मूळ पुरुषापासून पुन्हा सुरुवात केली. तीन लेक आले, दुष्काळ आले, आप्पासोचा बाप आला. आप्पासोचं नाव आलं, आणि ह्या वेळी सूर थांबला नाही.

"आप्पासो आणि त्येची बायको दगडाबाई, ह्येनी दिला तांब्या एक, पितळी, तोटीचा. ह्या तांब्यानं दगडाबाईनं चंद्रीचा लेक जगिवला. चंद्री मैनेची, मैना हरणीची, हरणी शेवंतीची, शेवंती काळीची."

दगडाबाई रिकामी घागर घेऊन शेवटपर्यंत दारात उभी होती. त्या दिवशी पाणी भरायला उशीर झाला.