आवडत्याचं औषध अळणी

तिने बाइंडरला पसंत केलं ते त्याचं तोंड बघून. परत बघावंसं वाटणार नाही असंच तोंड होतं ते. गालफडं बसलेली, कपाळावर कायमची आठी. पहिल्याच भेटीत तो तिच्या चार वर्षांच्या मुलीवर खेकसला, "ए, त्या पुठ्ठ्यांना हात लावू नकोस!" मुलगी आईच्या मागे लपली आणि आईचा जीव भांड्यात पडला. हाच, तिने ठरवलं.

कारण चेटकिणीचा हात आवडत्या माणसावर चालत नाही. मावशी म्हणायची, "लोकांत नावडतीचं मीठ अळणी, आपल्यात आवडत्याचं औषध अळणी." पहिला नवरा तिने आवडीने केला होता. गल्लीत तापाची साथ आली त्या वर्षी तिच्या हाताने अख्खी गल्ली उठून बसली आणि तो नवव्या दिवशी गेला. दिव्याखालचा अंधार तिने त्याच्या उशाशी बसून पाहिला. तेव्हापासून मुंगीला, म्हणजे मुलीला, साधा खोकला झाला तरी ती दवाखान्यात नंबर लावून बसायची. शेजारच्या खुर्चीतली बाई हटकून विचारायची, "अय्या, तुम्ही इथे?" ती हसायची आणि मुलीच्या कपाळावरचा हात काढायची नाही. उपयोग नव्हता, तरी.

सरकारी कचेरीचा नियम असा होता की चेटकिणीची मुलगी पाच वर्षांची झाली की तिला नदीपलीकडच्या वसतिगृहात न्यायचं. तिथे हातातली विद्या जाते म्हणे. मावशीची एक मैत्रीण तिथून परत आली होती. विद्येबरोबर तिचं बोलणंही गेलं होतं. मुलगी घरी ठेवायची तर घरात पालक म्हणून एक साधा, विद्या नसलेला पुरुष हवा. कचेरीतल्या बाई दर तीन महिन्यांनी येऊन तो जिवंत आहे ना, हे डोळ्यांनी बघून जायच्या. मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत.

नड बाइंडरलाही होती. जुन्या कागदांची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन बसली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा ठरलं ते इतकंच: तिने रोज सकाळी, उपाशीपोटी, आपला एक केस सुती दोऱ्यात पिळून त्याच्या डाव्या मनगटावर गाठ मारायची, त्याने नाव आणि छप्पर द्यायचं. बांधणारी त्याच छपराखाली राहणारी हवी, बाहेरून येणारीचा हात लागत नाही.

"माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका," लग्नाच्या कागदावर सही करताना तो म्हणाला.

"ठेवली असती तर तुमच्याकडे आलेच नसते," ती म्हणाली.

चूक तिच्या लक्षात आली ती दोन महिन्यांनी. माणूस खडूस नव्हताच. माणसाला श्वास येत नव्हता.

गाठीने छाती मोकळी झाली, तशी कपाळावरची आठी गेली. तो शिट्टी वाजवत खळ शिजवू लागला. पुठ्ठ्याच्या कपच्यांतून मुंगीसाठी काडेपेटीएवढ्या वह्या शिवू लागला. मुंगी त्या हात लांब करून घ्यायची आणि पळायची. पहिल्या दिवशीचं खेकसणं ती विसरली नव्हती. एकदा तो म्हणालासुद्धा, "अहो, तुमची मुलगी मला कुत्रा समजते. चावरा."

"तुम्ही भुंकलाच होतात तसे."

तो हसला. हसताना तो इतका वेगळा दिसतो हे आधी कोणी सांगितलं असतं, तर तिने दुसरा कुणी बघितला असता.

मग एका दुपारी त्याने तिच्यापुढे एक वही ठेवली. तिच्या आईची, गाठींची वही. शिवण उसवलेली, पानं निसटलेली, कोपरे उंदरांनी खाल्लेले. त्याने एकेक कोपरा पातळ कागद लावून सांधला होता. "पानं पडत होती," तो म्हणाला, आणि जणू काही झालंच नाही असा दाभण शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी गाठ दुपारपर्यंत सैल झाली.

तिला वाटलं, दोरा खराब असेल. दोरा बदलला. गाठ अकरालाच सुटली. चौथ्या दिवशी त्याला जिन्यात मध्येच बसावं लागलं. मुंगीचा पाचवा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता आणि त्याच आठवड्यात कचेरीतल्या बाई येणार होत्या.

ती मावशीकडे धावली.

"आवडला ना मेला?" मावशीने दारातच विचारलं.

"नाही गं. जेवताना आवाज करतो. पाय पुसत नाही."

"हे असं पाठ करून म्हणतेस, म्हणजे संपलंच."

"तू राहायला ये. तू बांध."

"एका घरात दोन मोठ्या चेटकिणी? कचेरीवाले दोघींनाही उचलतील." मावशीने दार लोटून घेतलं. मग नजर न उचलता म्हणाली, "लहान चालते."

घरी येईपर्यंत तिने तिरस्काराची यादी करून पाहिली. त्याचे खळीने पांढरे झालेले नखांचे कोपरे यादीत घातले, आणि तिथेच ती रडली.

सकाळी तिने मुंगीला बाइंडरच्या पलंगाशी नेलं. तो उशांना टेकून बसला होता. प्रत्येक श्वास फरशीवरून ओढलेल्या खुर्चीसारखा वाजत होता. "हात दुखेल का?" मुंगीने विचारलं. "नाही." मुंगीने आपला एक केस ओढला, "आऊ" म्हणाली, आणि बोटं मनगटाला कमीत कमी लागतील अशी गाठ मारली. आईने दहादा शिकवली होती तशी, थोडी वेडीवाकडी.

गाठ टिकली. दुपारी टिकली, संध्याकाळीही. रात्री तो पोटभर जेवला.

तिला आनंदाने काही सुचेना. तिने भांडी दोनदा घासली. मग त्याच्याकडे पाहिलं. तो मनगटावरचा दोरा अंगठ्याने चाचपत होता.

"म्हणजे मी तिला आवडत नाही," तो म्हणाला.

"अजून नाही."

"बरं झालं." थोडं थांबून, "सात वर्षं, नाही का?"

त्याने टेबलाचा खण उघडला. आत एक लाल कापडी वही होती, तळहाताएवढी, कडेला सोनेरी मुंगी ठसवलेली. वाढदिवसासाठी. त्याने ती खणात पार मागे सरकवली आणि पुढे पुठ्ठ्यांचे तुकडे रचले.

"तुमच्याशी तरी मी बोललो तर चालेल ना?" त्याने विचारलं. "तुमची गाठ तर गेलीच आहे."

"चालेल," ती म्हणाली. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याची लाज वाटली. तिचं आवडणं आता कुणाला मारणार नव्हतं. त्याची किंमत पलीकडच्या खोलीत झोपली होती.

कचेरीतल्या बाई आल्या, जिवंत माणूस बघून गेल्या. मुंगी पाच वर्षांची झाली आणि घरीच राहिली. पण मुलांना कळतं. महिन्याभरात ती टेबलाजवळ घुटमळू लागली. तो शिट्टी वाजवायचा थांबला होता, तर तीच वाजवून दाखवू लागली. एका सकाळी गाठ मारताना तिने त्याच्या मनगटावर बोट ठेवलं आणि काढलं नाही. त्या दिवशी गाठ संध्याकाळी पाचलाच सुटली.

दुसऱ्या दिवशी मुंगीला खणात लाल वही सापडली. "ही कुणाची? माझी?"

बाइंडरने एकवार बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती, आणि तिने मान हलवली नाही. हो म्हणायला नाही, नको म्हणायलाही नाही.

"ए!" तो ओरडला. "त्या पुठ्ठ्यांना हात लावू नकोस!"

वही खाली पडली. मुंगी धावत आईच्या मागे गेली आणि तिचे कपडे घट्ट धरून उभी राहिली. या वेळी आईचा जीव कुठल्याच भांड्यात पडला नाही.

दुसऱ्या सकाळी मुंगीने हात लांब करून दोरा गुंडाळला. बाइंडर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आई," गाठीवरून नजर न उचलता तिने हळूच विचारलं, "काका वाईट आहेत ना?"

त्याचे खांदे हलले नाहीत. फक्त श्वास थांबला होता, ऐकायला.

"हो," आई म्हणाली. "घट्ट बांध."