टाचेवरचा जोड

सूयिनने डावा बूट उलटा केला, टाच नाकाशी नेली आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"झालं का तुझं सुरू?" पाओचू मावशी मोबाइल स्टँडवर बसवत म्हणाली. "माणसाचं नाक आहे की कुत्र्याचं?"

"कुत्र्याचं असतं तर तू निदान हाड तरी टाकलं असतंस. इथं नुसता चहावर चहा."

मावशी खो खो हसली. कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसलेले बूट-कारखान्याचे त्साय मालकही हसले, पण त्यांचं लक्ष टेबलावर होतं. टेबलावर तीन बूट होते, तिन्ही डावे. चीनमधल्या ह्या पुतियन शहरात नमुन्याला कारखाने एकच पाय पाठवतात. जोडी पाठवली तर कुणीतरी ती पायात घालूनच पसार होतं. तिन्ही म्हणजे एकाच बुटाच्या कॉपी होत्या. पांढरा, बाजूला निळी पट्टी, ज्याच्यासाठी जगभरची पोरं दुकानांबाहेर रांगा लावतात, तो. एकशेवीस युआनचा, एकशेऐंशीचा आणि दोनशेसाठचा. दुबईच्या एका व्यापाऱ्याला नव्या वर्षाच्या आत तीन हजार जोड हवे होते, आणि त्याने मावशीला साफ कळवलं होतं: अंगठाताई ज्याला पहिला नंबर देईल, त्याचा माल.

अंगठाताई म्हणजे सूयिन. वय वर्षं सोळा. मार्चपर्यंत वर्गात नाव पुकारलं तरी मान खाली घालणारी ही मुलगी. मग मावशीने एकदा गंमत म्हणून तिचे हात मोबाइलवर दाखवले. फक्त हात. बूट वाकवणारे, टाके मोजणारे, सोलच्या कडेवरून अंगठा फिरवणारे. आज चाळीस हजार लोक त्या अंगठ्याची वाट बघत होते, आणि शाळेच्या जिन्यावरून सूयिन आता दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायची.

"चालू केलंय," मावशी कुजबुजली.

"नमस्कार मंडळी!" सूयिनने स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढे ओढला. "आधी हा एकशेवीसवाला. बघा, अस्सलपेक्षा चाळीस ग्रॅम जड. पायात बूट नाही, वीट घातल्यासारखं. पावसात एकदा भिजला की राम म्हणायचं. बाजूला ठेवू."

दुसरा हुआंगच्या कारखान्यातला, दोनशेसाठचा. टाके सरळ, आतलं अस्तर मऊ. फक्त सोलच्या कडेला चिकटवायच्या सोल्युशनची रेघ जरा जाड आणि पिवळट. हुआंगकडे पाण्याचं सोल्युशन वापरतात. ते तापवावं लागतं, सुकायला वेळ घेतं, म्हणून जाड बसतं. त्याला वास मात्र नसतो.

तिसरा त्साय मालकांचा. रेघ केसाएवढी. दिसतच नाही म्हणा ना. आणि उकाड्यात टोपलीत राहून गेलेल्या लिचीसारखा गोडसर वास. हा वास सूयिनच्या ओळखीचा होता. तिच्या पहिल्याच व्हिडिओत तिने ह्याच मालाला पहिला नंबर दिला होता. "केसाएवढी रेघ, एकशेऐंशीत! डोळे मिटून घ्या!" असं ती किंचाळली होती आणि मावशी तिला मिठी मारायला धावली होती. त्यानंतर त्साय मालकांनी बायकांची आणखी दोन टेबलं लावली. त्यातल्या एका टेबलावर सूयिनची आई कामाला लागली.

खोकी भरायच्या टेबलावर. "मी बाई नुसती कागद चुरगाळून बुटात कोंबते," आई म्हणायची. "सोल्युशनच्या टेबलाकडे फिरकतसुद्धा नाही. माझूदेवीची शपथ."

अंगठा टाचेपाशी आला आणि अडला.

आतल्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढी पायरी. ब्रश जिथून सुरू झाला तिथेच येऊन थांबला होता आणि थोडा स्वतःवरच चढला होता. उजव्या हाताने काम करणारी बाई हा जोड बाहेरच्या बाजूला आणते. आतल्या बाजूला आणते ती डावखुरी. सूयिनच्या दप्तराच्या तळाला अशीच कणी होती. घरातल्या छत्रीच्या मुठीला होती, आजोबांच्या फोटोच्या चौकटीला होती. आईने चिकटवलेल्या प्रत्येक वस्तूवर ती होती.

सूयिनने पुन्हा वास घेतला. ह्या वेळी तो बुटाचा लागला नाही. आईच्या उशीचा लागला.

आज सकाळी मोरीत आईने चूळ भरली तेव्हा पाणी गुलाबी पडलं होतं. दंडावरच्या निळ्या डागांना आई "टेबलाचा कोपरा" म्हणायची. किती कोपरे असतात एका टेबलाला? शेजारची मेईफंग मावशीही असंच म्हणायची. ती दोन वर्षं त्साय मालकांच्या सोल्युशनच्या टेबलावर होती. तो वास ओढून ओढून तिचं रक्तच बनायचं थांबलं, आणि उन्हाळ्यात ती गेली.

"बोल ना, अंगठाताई," त्साय मालक म्हणाले. "चहा गार होतोय माझा."

सूयिनने नख त्या कणीखाली घातलं. दुसऱ्या कुणाला ती जागा शंभर वर्षांत सापडली नसती. तिने नख वळवलं. चर्र आवाज झाला आणि सोल टाचेपासून बोटभर सुटला.

"बघा," ती मोबाइलकडे बूट धरत म्हणाली. आवाज तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा थोडा मोठा निघाला. "दिसायला राजा, पण टाचेचा जोड कच्चा. दोन महिन्यांत तोंड उघडेल. आज पहिला नंबर हुआंगचा. ऐंशी युआन जास्त गेले तरी चालतील, पण हाच घ्या."

मावशीने मोबाइल बंद केला. तिने एकदा बुटाकडे बघितलं, एकदा भाचीकडे.

"अगं, हे काय! वसंतात तर तूच..."

"वसंतात मी लहान होते."

त्साय मालक उठले. त्यांनी सुटलेला सोल दोन बोटांत धरून न्याहाळला, बराच वेळ. मग बूट पिशवीत घालून, चहा तसाच ठेवून, ते जिना उतरून गेले.

संध्याकाळी सूयिन घरी आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर तोच बूट होता. बाजूला कालवं घातलेल्या तांदळाच्या शेवयांचा वाडगा, झाकून ठेवलेला. आई खुर्चीवर बसली होती. अंगात अजून कारखान्याचा डगला.

"मालकांनी सगळ्या बायकांसमोर हा माझ्या पुढ्यात टाकला," आई म्हणाली. "म्हणाले, रुईछिन, हा तुझा हात. तुझ्या हातापायी तीन हजार जोड गेले."

सूयिनने दप्तर खांद्यावरून उतरवलं.

"मी म्हटलं, माझा जोड सुटायचा नाही. कुठली पारख करणारी आहे ती, तिला बोलवा. तर सगळ्या हसायला लागल्या, म्हणाल्या, अगं, तुझीच पोर ती." आईने अंगठा टाचेवरून फिरवला, अगदी सूयिनसारखाच. "बरोबर तिथंच नख घातलंय. एवढं कुणाला ठाऊक असणार?"

"तू म्हणालीस खोकी भरतेस."

"आणि तू म्हणालीस माझा जोड कच्चा."

"आई, मेईफंग मावशी..."

"मेईफंगचं रक्त मुळातच पातळ होतं. माझ्या टेबलाला पंखा आहे." आईने वाडग्यावरचं झाकण काढलं. "जेव. गार झालं की कालवं चिवट होतात."

दोघी जेवल्या. बूट मध्ये तसाच होता. बऱ्याच वेळाने आई पुटपुटली, सूयिनला उद्देशून नव्हे, "इतका वाईट हात नव्हता माझा."

आईला काढून टाकलं होतं. दोन दिवस ती घरात होती, तेवढ्यात तिने सगळ्या रजया धुतल्या आणि दाराची कडी तीनदा दुरुस्त केली. तिसऱ्या दिवशी ती हसत आली.

"हुआंगनं घेतलं मला! एवढी मोठी ऑर्डर, माणसं कुठून आणणार तो? रोजी वीस युआन जास्त. तुझ्याच कृपेनं म्हणायचं, अंगठाताई."

सूयिनने आईच्या डगल्यात नाक खुपसलं. वास नव्हता. तापलेल्या इस्त्रीसारखं काहीतरी, बस्स. तिने आईच्या गळ्यात हात टाकून तिला गरागरा फिरवलं.

"सोड गं कार्टे! पडेन मी!"

"पडलीस तर चिकटवीन!"

आई हसता हसता खाली बसली आणि बराच वेळ धापा टाकत राहिली. पण चेहरा खुलला होता. डाग जातील, सूयिनने मनाशी ठरवलं. नव्या वर्षापर्यंत जातील. पुढचे आठ-दहा दिवस ती रोज आईचा डगला हुंगायची, आणि आई "काय माझ्यामागे लागलंय हे पोर!" म्हणून तिला ढकलायची. मग शाळेच्या परीक्षा आल्या. सूयिन उठायच्या आत आई निघून गेलेली असायची, आणि ती पुस्तकावर डोकं टेकून झोपल्यावर परतायची. डगला आता कारखान्यातच ठेवावा लागतो, असं आईने सांगितलं.

परीक्षा संपल्या त्या दुपारी सूयिन दोन-दोन पायऱ्या चढत मावशीच्या खोलीत शिरली. खाली गल्लीत दारादारांवर नव्या वर्षाच्या लाल पट्ट्या लागत होत्या, इथल्या रिवाजाप्रमाणे वरच्या टोकाला पांढरा कागद चिकटवलेल्या.

"ये ये," मावशी म्हणाली. "दुबईचा माल उद्या निघतोय. त्याआधी पहिल्या नंबरवाल्याचा शेवटचा बूट लोकांना दाखवू. हुआंगनं कमाल केली हं. तीन हजार जोड, दिलेल्या तारखेला! मध्ये घाबरला होता, म्हणत होता सुकतच नाही, पुरं कसं व्हायचं. मग काय केलं काय माहीत, एकदम वेग घेतला." तिने मोबाइल लावला. "त्सायकडून त्याच्या सोल्युशनची चार पिंपं उचलली म्हणे, पडूनच होती. चल, चालू केलंय."

सूयिनने बूट हातात घेतला. डावा. रेघ केसाएवढी.

"नमस्कार मंडळी," ती म्हणाली.

नाकाशी न्यायची गरज नव्हती. लिचीचा वास टेबलावरूनच येत होता. तिने तरीही टाच वर केली आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवला. कणी सापडायला वेळ लागला. ह्या वेळी तिच्यावरून ब्रशचा दुसरा हात फिरवलेला होता, अगदी जपून, खूप जवळून बघून, पायरी पार बुजेपर्यंत. तिने नख लावलं. दाबलं. पुन्हा दाबलं.

नख आत गेलं नाही.

"कसा आहे गं?" मावशीने मोबाइलच्या मागून विचारलं. "सांग की लोकांना. चाळीस हजार लोक थांबलेत."

सूयिनचा अंगठा टाचेवरच होता.

"पक्का आहे," ती म्हणाली.