माझ्या मॉरिशसवरची पुट्टी

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. घेर साडेसात फूट, वजन सतरा किलो, अंगात रद्दी. दहिसर नदीच्या अलीकडे एक विद्यापीठ आहे. तिथल्या सभागृहामागच्या अडगळीच्या खोलीत मी राहतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मी मात्र वर्षातले तीनशे साठ दिवस एका मोडक्या खुर्चीला टेकून उभा असतो.

माझा जन्म अण्णांच्या कारखान्यात झाला. अण्णा दहिसरला गणपती करतात. विद्यापीठाला पहिल्या 'विश्वसंस्कृती दिना'साठी पृथ्वी हवी होती आणि एवढं गोल काही करून देणारा दुसरा माणूस जवळपास सापडला नाही. अण्णांनी कागदाचा लगदा मळला, डिंक घातला आणि मला घडवलं. हाताला चाळीस वर्षांची सवय, त्यामुळे विषुववृत्तापाशी मला किंचित पोट सुटलं. भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, हे बरोबरच आहे, खरी पृथ्वीही तिथे फुगीर असते. माझ्या आयुष्यात शास्त्राशी एवढाच काय तो संबंध आला.

रंगवताना अण्णांनी समोर शाळेतला नकाशासंग्रह ठेवला आणि त्यातलं सगळं, म्हणजे अगदी सगळं, माझ्यावर उतरवलं. पानाच्या मध्यावर स्टेपलरच्या दोन पिना होत्या. अटलांटिक महासागरात त्यांची दोन लांबट बेटं झाली. पॅसिफिकमध्ये पानाचा आकडा आला, ४२. सगळ्यात शेवटी त्यांनी मूर्तीचे डोळे आखायचा बारीक कुंचला घेतला, श्वास रोखला आणि छोटी बेटं काढली. मॅडागास्करच्या उजवीकडे दोन ठिपके दिले. त्यातला दुसरा मॉरिशस.

"एवढ्याशा ठिपक्यासाठी किती वेळ, अण्णा?" कोणीतरी विचारलं.

"तिथे कोणाचं तरी घर असेल ना रे," अण्णा म्हणाले.

पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. पाहुण्यांनी माझ्यासोबत फोटो काढले. एका पाहुण्यांनी भाषणात मला 'वसुधैव कुटुंबकम्' म्हटलं. मग माझी वाट लागली. कारण या विद्यापीठात एक अलिखित नियम आहे: गोल वस्तू एकच, कार्यक्रम अनेक.

विश्वचषकाच्या वर्षी मी फुटबॉल झालो. दहीहंडीला मी हंडी झालो, फक्त मला फोडायचं नाही अशी सूचना लावली होती आणि ती चौथ्या थरावरच्या मुलाने वाचली नव्हती. लसीकरणाच्या जनजागृतीसाठी मी विषाणू झालो. अंगाला ड्रिलने सव्वीस भोकं पाडून त्यांत लाल काटे खोचले. लोक मला बघून सॅनिटायझर लावायचे. चांद्रयान उतरलं त्या आठवड्यात मला पांढरा रंग देऊन चंद्र केला. मित्रांनो, पृथ्वीला स्वतःचाच उपग्रह व्हावं लागणं ही काय अवस्था असते, हे सांगून कळायचं नाही.

दर वर्षी डिसेंबरात विश्वसंस्कृती दिन आला की मला पुन्हा पृथ्वी करतात. मुलं आदल्या वर्षीचा फोटो समोर ठेवून रंगवतात. त्या दोन पिना दर वर्षी इमानदारीने रंगवल्या जातात. ४२ सुद्धा. गेल्या वर्षी एकाने त्या पिनांना किनारपट्टीही काढली. पण विषाणूची भोकं बुजवताना सव्वीस ठिकाणी पुट्टी भरली गेली, आणि त्यातलं एक भोक नेमकं मॉरिशसवर होतं. पुट्टीवर निळा रंग फासला. कोणाला काही कमी वाटलं नाही.

मग या वर्षी शर्मिष्ठा आली.

शर्मिष्ठा मॉरिशसहून इथे शिकायला आली आहे. तिच्या पणजोबांचे वडील कोकणातून बोटीने तिकडे उसाच्या शेतावर गेले आणि तिकडचेच झाले. ती मराठी बोलते, जराशी पुस्तकातल्यासारखी. विश्वसंस्कृती दिनाला परदेशी विद्यार्थी आपापल्या देशाची कला सादर करतात, म्हणून ती झाकरी नावाचा नाच बसवत होती. सभागृहात जागा नव्हती, म्हणून माझ्या खोलीत.

खोली झाडायला शकुमावशी आल्या. या सभागृहाची सफाई त्यांच्याकडे आहे, आणि मला ओल्या फडक्याने पुसणारं जगात दुसरं कोणी नाही. दारातच त्या थबकल्या.

"अगो बाय! ही तर आमच्या गुहागरची जाखडी! तुला कोणी शिकवलीन?"

"आम्ही झाकरी म्हणतो, मावशी. मला पप्पांनी शिकवली."

"म्हणजे तू गावचीच की गो!"

"गावची पण," शर्मिष्ठा हसून म्हणाली, "आणि मॉरिशसची पण."

मावशींना हे 'पण' जरा जड गेलं, असं मला वाटलं. तेवढ्यात केयूर आला. केयूर हा सांस्कृतिक समितीचा सचिव. मुलुंडचा. मुलगा वाईट नाही, पण त्याच्या हातात कायम एक यादी असते आणि जे यादीत नाही ते जगात नाही, असा त्याचा समज आहे. त्याने दोन मिनिटं नाच पाहिला.

"शर्मिष्ठा, झकास आहे. पण कट."

"का?"

"अगं यार, तू मराठी बोलतेस, जाखडी करतेस. यात फॉरेन काय आहे? फॉरेन कोट्यातून आलीस, थोडं तरी फॉरेन वाग ना! तुमच्याकडे समुद्रावर नाचतात ते कर. घागरे वगैरे."

"तो सेगा. मला नाही येत. आमच्या घरी हेच येतं."

"मग आयटम कट. झेंडा आहे ना तुझा? झेंडा लाव आणि स्माइल दे."

झेंड्याचं असं होतं. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने मंचावर येऊन कागदाचा छोटा झेंडा आपल्या देशावर खोचायचा. झेंडा टूथपिकला चिकटवलेला. म्हणजे शर्मिष्ठाच्या वाट्याला आता एवढंच उरलं. तिने माझ्यावर बोट फिरवलं. आफ्रिका, मॅडागास्कर, एक ठिपका, आणि पुढे नुसता निळा रंग. बोट पुट्टीवर थांबलं.

"इथे," ती मावशींना म्हणाली. "आमचं बेट इथे असायला हवं."

तिने टूथपिक टोचून पाहिली. पुट्टी दगडासारखी. टूथपिक मोडली.

"केयूर, इथे छोटं भोक पाडून देशील?"

"आत्ता? ड्रिल केलं आणि फुटली पृथ्वी तर? मॅडागास्करवर लाव ना. बाजूलाच तर आहे. कोण बघतंय?"

"माझे पप्पा बघणार आहेत. ते बस चालवतात. उद्या अर्धी रजा टाकून शेजाऱ्यांना घेऊन फोनसमोर बसतील. मी सांगितलंय त्यांना, आपल्या बेटावर झेंडा लावणार म्हणून."

"मॅडागास्कर, मॉरिशस, लांबून सेमच दिसतं."

"तुझा पत्ता मी भांडुप लिहिला तर चालेल?"

"ए! मुलुंड वेगळं, भांडुप वेगळं!" केयूर खरोखर दुखावला. पण यादीत बदल झाला नाही.

मित्रांनो, त्या रात्री मी फार चिडलो होतो. कधीही न जन्मलेली दोन बेटं माझ्या अंगावर किनारपट्टीसह नांदत होती आणि जिथे एक बस ड्रायव्हर अर्धी रजा टाकून बसणार होता, ते बेट पुट्टीखाली होतं. मला हात असते, तर मी स्वतःच खाजवून काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी मला मंचावर नेलं. यंदा मी फिरणार होतो. माझ्या बुडाशी टेबल फॅनची मोटर बसवली होती आणि तिचं बटण पडद्याआड शकुमावशींच्या हातात होतं. मोटरचा वेग फॅनचाच. जर्मनीचा मुलगा नेम धरून आला आणि त्याचा झेंडा लिबियात लागला. नेपाळच्या मुलीचा म्यानमारमध्ये. टाळ्या पडत होत्या. प्रमुख पाहुणे "वा, वा" म्हणत होते.

शर्मिष्ठाचं नाव पुकारलं. तिच्या पप्पांना व्हिडिओ कॉल लावलेल्या फोनचा कॅमेरा तिच्याकडे वळला. ती पुढे आली आणि मावशींनी बटण बंद केलं. मी दोन गिरक्या घेऊन थांबलो, हिंदी महासागर बरोबर समोर. तिने टूथपिक टेकवली, दाबली. कट्. पुन्हा मोडली. झेंडा खाली पडला.

"मॅडागास्कर!" विंगेतून केयूर कुजबुजला. "मॅडागास्कर, यार!"

शर्मिष्ठाने झेंडा उचलला. ती मॅडागास्करकडे गेली नाही. ती तशीच, त्या निळ्या रंगावर झेंडा धरून उभी राहिली. सोडला असता तर पडला असता. सभागृहात कोणी खोकलं.

मग पडद्याआडून शकुमावशी आल्या, निळ्या युनिफॉर्ममध्ये, कमरेला फडकं खोचलेलं. त्यांनी कपाळावरची मोठी लाल टिकली काढली, झेंड्याच्या कडेवर ठेवली आणि अंगठ्याने माझ्या पुट्टीवर घट्ट दाबली.

"हां. आता पडायचा नाय," त्या म्हणाल्या. मग फोनकडे बघून मोठ्याने, "बघितलंत ना हो? हे मॉरिशस!"

फोनमधून तिकडच्या टाळ्या ऐकू आल्या. शर्मिष्ठा हसत होती आणि नाक पुसत होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण निवेदिकेला वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ती म्हणाली, "आणि हे होतं धरतीमातेचं हळदीकुंकू!" प्रमुख पाहुणे उठून उभे राहिले. वार्षिक अहवालात तो फोटो आला, खाली 'पृथ्वीपूजन' असं लिहून. फोटोत मावशींचा कोपर दिसतो. केयूरच्या पुढच्या वर्षीच्या यादीत आता कलम तीन आहे: पृथ्वीपूजन, टिकल्या दोन डझन. त्या कुठे लावायच्या ते लिहिलेलं नाही.

झेंडे दुसऱ्या दिवशी काढले. मॉरिशसचा ओढताना कागद फाटला, टिकली मात्र निघाली नाही. मग संक्रांत आली आणि केयूर तपकिरी रंगाचा डबा घेऊन आला. सध्या मी तिळाचा लाडू आहे. पिना गेल्या, ४२ गेला, आशिया गेला. पण सोमवारी शर्मिष्ठा खोलीत आली होती. तिने माझ्या पोटाच्या खाली हात फिरवला. चिकटवलेल्या तिळांमध्ये एका जागी रंगाखाली गोल उंचवटा लागतो. तिथे बोट ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग वर्गाला गेली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला पुन्हा रंगवायला घ्याल, तेव्हा डबा उघडण्याआधी एकदा माझ्यावरून हात फिरवा. कुठे बोट अडलं, तर थांबा आणि आसपास विचारा, इथे कोण राहतं. उत्तर मिळालं की मग खुशाल लाडू करा.