बुधवारचा उपास

शहाद्याबाहेरच्या आंबराईत दरवर्षी मे महिन्यात मुलांचं शिबिर भरे. चित्रकला होती, गाणी होती, झाडांची ओळख होती. पण सकाळी स्वयंपाकाची हाक आली की हातातले ब्रश टाकून सगळी पोरं चुलीकडे धावायची. पीठ कोण मळणार यावरून रोज झोंबाझोंबी व्हायची.

कळसाडीची जागृती सातवीत गेलेली. घरी तिला कुणी चहासुद्धा करू द्यायचं नाही. इथे तिची जोडी जमली ती सातपुड्याच्या डोंगरातल्या, काठीकडच्या रविनाशी. रविना दोन तळव्यांवर भाकरी अशी फिरवायची की जागृती आपलं काम विसरून बघत राहायची. पहिल्या दिवशी जागृतीची भाकरी तव्यावर पडता पडता फाटली, तेव्हा रविना पोट धरून हसली होती. मग तिनेच जागृतीचे हात आपल्या हातात धरून शिकवलं. रविनाच्या घरची आदिवासी बोली जागृतीला कळत नसे, जागृतीची अहिराणी रविनाला अर्धीमुर्धी समजे. दोघी शाळेतल्या मराठीत बोलायच्या आणि तीही अडली की खुणा करायच्या.

शेवटच्या दिवशी आईवडिलांना जेवायला बोलावलं होतं. उडदाची डाळ, कैरीची चटणी आणि भाकरी. डाळ जागृतीने केली, भाकरी रविनाने.

जागृतीचे वडील रतिलाल मोटरसायकलवरून आले. हसतमुख माणूस. आल्या आल्या त्यांनी पोरांना खिशातली चॉकलेटं वाटली, पंगतीत मांडी घातली आणि डाळीचा वास घेऊन म्हणाले, "वा! मन्ही पोर तं सुगरण व्हयी गयी." मग भाकरी उचलता उचलता सहज विचारलं, "भाकरी कोनी करी?"

"रविनानं. ती बघा, काठीकडची."

रतिलाल यांनी चुलीजवळच्या मुलीकडे पाहिलं. भाकरी परत ताटात ठेवली. तेवढ्यात रविना वाढायला आलीच. ते हसूनच म्हणाले, "नको पोरी. विसरलोच होतो, आज माझा उपास आहे."

बुधवार होता. पप्पा बुधवारी कधी उपास करत नाहीत, हे जागृतीला पक्कं ठाऊक होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

"हो ना गं?" रविनाने तिला विचारलं. "उपास आहे काकांचा?"

"हो," जागृती म्हणाली. शब्द असा पटकन निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

रविनाचा चेहरा पडला नाही. उलट ती लगबगीने चुलीकडे वळली. स्वयंपाकाच्या कमलीबाईंनी एकादशीला भगर केली होती, तेव्हा रविनाने नीट बघून ठेवलं होतं. तिने पातेलं दोनदा घासलं, डब्यातून भगर काढली, शेंगदाण्याचं कूट मागून आणलं. पंगत उठत आली तरी ती धुरात फुंकणी घेऊन बसलेली. जागृती ताटातली भाकरी नुसती मोडत बसली.

रविना वाफाळती भगर घेऊन आली तेव्हा रतिलाल यांचा फोन वाजला, किंवा वाजल्यासारखं त्यांनी केलं. "आलोच," म्हणत ते फाटकाकडे गेले.

रविनाने ताटलीवर झाकण ठेवलं, मुंग्या लागू नयेत म्हणून ती उंच ओट्यावर सरकवली आणि शेजारी बसून राहिली.

"तू जेवून घे ना," जागृती म्हणाली.

"काका येऊ देत. पाहुणा उपाशी आणि मी जेवू?" मग हळूच म्हणाली, "सैंधव घातलंय हं. साधं मीठ नाही घातलं. चालतं ना?"

जागृतीला तिथून पळून जावंसं वाटलं. फाटकाजवळ पप्पा फोन खिशात घालून झाडाखाली नुसतेच उभे दिसत होते. रविनालाही दिसत होते.

"ते नाही येणार," जागृती म्हणाली. "त्यांचा उपास नाहीये."

"मग?"

पप्पांच्या ताटात तशीच राहिलेल्या भाकरीकडे जागृतीने पाहिलं. रविनानेही तिकडे पाहिलं. मग तिची नजर स्वतःच्या हातांवर गेली. बोटांना अजून पीठ लागलेलं होतं. तिने हात ओढणीत गुंडाळले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तरी तू हो म्हणालीस."

जागृतीचे कान तापले. आपण रडलो तर रविनालाच आपली समजूत काढावी लागेल, एवढं मात्र तिला कळलं, म्हणून तिने ओठ दाबून धरले. रविनाने झाकण बाजूला केलं, ताटली मांडीवर घेतली आणि मुकाट्याने खायला लागली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"मला दे थोडी," जागृतीने हात पुढे केला.

रविनाने ताटली हलवली नाही. "तुझे पप्पा थांबलेत. जा तू."

मोटरसायकलवर बसताना रतिलाल यांनी विचारलं, "काय व, तोंड असं का करी ऱ्हायनी?"

"उपास नई व्हता तुमना," जागृती म्हणाली.

त्यांनी किक मारली. गाडी डांबरी रस्त्याला लागली, उसाचे मळे मागे पडू लागले. बऱ्याच वेळाने ते पुढे बघतच म्हणाले, "घर जायीसन कोनले सांगू नको."

एरवी गाडीवर जागृती त्यांच्या कमरेला हात घालून बसायची. आज मागची सळई धरून बसली. पण सळई धरून आपली सुटका होत नाही, हेही तिला वाटेत पुन्हा पुन्हा कळत होतं. 'हो' तर तीच म्हणाली होती.