देवापुढे ठेवलेलं चॉकलेट

आमच्या घरात एक रीत आहे. गोड काहीही आलं, पेढा असो की साधा बिस्किटाचा पुडा, आधी देवापुढे ठेवायचं, ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि पहिला घास घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या हातावर द्यायचा. ही रीत माझ्या सासूबाईंची. त्या गेल्या, नऊ वर्षांपूर्वी माझे यजमानही गेले, पण गिरगावातून मीरा रोडला येताना देवांबरोबर ही रीतही मी आणली. आता लोक मला सांगतात, शैलाताई, कशाला पाळायचं एवढं? त्यांना काय सांगू, चूक रीतीची नव्हती.

त्या शुक्रवारी संकष्टी होती. मला उपास, म्हणून स्वयंपाकाचा पसारा कमी होता आणि मी फ्रीज साफ करायला घेतला. खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या पिशवीखाली एक चॉकलेट सापडलं. वेष्टन परदेशी वाटत होतं, त्यावर रंगीत छत्र्या आणि हसरे तारे. लहान मुलांचं असतं ना, तसं. माझ्या मुलाला, निहारला ऑफिसात कुणीतरी दिलं असेल आणि साहेब देवाला न दाखवता एकटेच खाणार असतील, असं मला वाटलं. सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी खाऊ लपवतो म्हणून हसूही आलं. मी चष्मा लावला नाही. एवढं एक माझं चुकलं, ते मी कबूल करते.

चार वाजता नैवेद्य दाखवला आणि चहाबरोबर अण्णांना चार तुकडे दिले. अण्णा म्हणजे माझे सासरे. एकोणऐंशी वर्षांचे. पोस्टात चाळीस वर्षं नोकरी केली, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे आणि मुलगा गेल्यापासून मन थाऱ्यावर राहावं म्हणून आणखी एक. "जरा कडसर आहे गं," एवढंच म्हणाले आणि चारही तुकडे संपवले. माझ्या हातचं ते कधी टाकत नाहीत.

पाच वाजता त्यांनी मला हाक मारली. भिंतीला पाठ लावून उभे होते. "शैला, लाद्या हलतायत." मी म्हटलं, चक्कर आली असेल, बसा. तर मला बघून घाबरले. मला. स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरून म्हणायला लागले, हे माझे नाहीत. छाती धाडधाड उडत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या. मी आमच्या वॉचमनला, शिवाला हाक मारली आणि आम्ही दोघांनी त्यांना धरून रिक्षात घातलं.

इस्पितळात त्यांनी सलाईनची सुई उपटली आणि नर्सला ढकललं. वॉर्डबॉय म्हणाला, "आंटी, हाथ बांधने पडेंगे." बांधले. पट्टीनं, पलंगाच्या दोन्ही दांड्यांना. जन्मभर लोकांची पत्रं नीट पोचवणारा माणूस मला विचारत होता, "शैला, मी काय केलं गं? यांना सोडायला सांग ना."

तेवढ्यात निहार ऑफिसातून धावत आला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "आजोबांनी दुपारी काय खाल्लं?" मी सांगितलं, चहा आणि तुझं ते फ्रीजमधलं चॉकलेट. त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आजोबांच्या काळजीनं. तो कोपऱ्यात गेला आणि मोबाईलवर काहीतरी वाचत बसला. मध्येच घड्याळ बघायचा, पुन्हा मोबाईल.

डोक्याचा स्कॅन झाला. त्यात काही निघालं नाही. सात वाजून गेल्यावर डॉक्टर संचिता बाहेर आल्या. तरुण बाई, पण बोलणं शांत. म्हणाल्या, "अचानक असं झालंय, मेंदूला सूज असू शकते. मणक्यात सुई घालून पाणी काढून तपासावं लागेल. या वयात थोडा धोका असतो. सही करा. काही वेगळं खाल्लं-प्यालं असेल तर आत्ताच सांगा."

"काही नाही हो, घरचंच," मी म्हटलं आणि निहारकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. आई आहे मी त्याची. शाळेत काच फोडून आला की असाच बघायचा. कागद मांडीवर होता, पेन हातात, पण सही मी केली नाही.

मी पेन खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उपासाच्या दिवशी खोटं बोलले. "निहार, मलाही कसंतरीच होतंय रे. मीपण दोन तुकडे खाल्ले त्यातले."

तो ताडकन उठला. "आई, तू का खाल्लंस? डॉक्टर, हिलापण बघा. ते साधं चॉकलेट नाहीये. मशरूमचं आहे, ते... नशेचं. पालीला बंगल्यावर पार्टी होती, तिथे माझ्या मित्रानं, अमोलनं दिलेलं. सहा तासांत उतरतं, मी वाचलंय."

मी बावीस वर्षं संकष्टी करते. आज माझा उपास आहे हेही पोराच्या लक्षात नव्हतं. आणि दीड तास तो काय बघत होता ते मला तेव्हा कळलं. उतरायची वाट बघत होता. आपोआप उतरेल, कुणाला कळणार नाही, आजोबांच्या मणक्यात सुई गेली तर गेली. माझ्यासाठी तोंड उघडलं, त्यांच्यासाठी नाही. मी त्याच्या थोबाडीत दिली. भर इस्पितळात, सगळ्यांसमोर. मला त्याची लाज वाटत नाही.

"आई, ते नॅचरल असतं," तो गाल धरून म्हणाला.

"धोत्रापण नॅचरलच असतो. घालू उद्या भाजीत?"

डॉक्टरांनी तो कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग निहारला उभं करून विचारलं, किती तुकडे, कधी, वेष्टनाचा फोटो आहे का. "सहा तास म्हणे. तुला काय माहीत आत काय आहे?" त्या म्हणाल्या. "एका तुकड्यात थोडं असतं, दुसऱ्यात दुप्पट. कधी मशरूम नसतंच, भलतंच रसायन असतं. हे हृदय एकोणऐंशी वर्षांचं आहे आणि वर ती मनाची गोळी चालू आहे. दीड तास आधी, आल्या आल्या बोलला असतास तर तेव्हाच त्यांचे हात सोडले असते मी."

अण्णांचे हात सोडले. खोलीतले दिवे मंद केले, शांत करणारं इंजेक्शन दिलं, छातीला वायरी लावल्या आणि मला त्यांचा हात धरून बसायला सांगितलं. बाहेर निहार डॉक्टरांना विचारत होता, पोलिसांत कळवावंच लागेल का, नोकरीचा प्रश्न आहे. मी आतूनच म्हटलं, "कळवा." त्याचा जबाब झाला, अमोलचाही. पुढे काय व्हायचं ते होईल.

अण्णा दोन दिवसांनी घरी आले. निहार मला म्हणाला, "आजोबांना खरं सांगायला नको, त्यांना त्रास होईल." मी त्याला त्यांच्यासमोर बसवलं आणि सगळं बोलायला लावलं. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मनगटावर पट्टीचे वळ होते, ते चोळत एकच विचारलं, "मी तिथे कुणाला वाईट बोललो का?" निहार रडायला लागला. रडू दे. मला पाझर फुटला नाही.

पुढची संकष्टी आली. मी मोदक केले. अण्णांना गोळ्या घ्यायच्या असतात, म्हणून नैवेद्य दाखवून त्यांचं पान मी चंद्रोदयाआधीच वाढते. नेहमीसारखा पहिला मोदक त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो फोडला, आतलं सारण उजेडाकडे धरून पाहिलं, वास घेतला. मग अर्धा माझ्यापुढे केला.

"शैला, आधी तू खा."

चंद्र उगवायला अर्धा तास होता. बावीस वर्षांत एकदाही मी उपास मोडला नव्हता. अण्णांना ते ठाऊक होतं, कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ तेच मला वाचून दाखवतात. समोर निहार बसला होता, त्यानं मान खाली घातली.

मी तो अर्धा मोदक घेतला आणि खाल्ला. मी गिळेपर्यंत अण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. थोडा वेळ थांबले. मग उरलेला अर्धा त्यांनी खाल्ला.