मोकळी चौकट

तूबाची बोटं चांगली चालतात, हे मला मान्य आहे. पण लोक बोलतात तशी काही ती आभाळातून पडलेली नाही. रावर गावातल्या या कारखान्यात आम्ही दोघी एकाच मागावर, एकाच फळीवर बसून अकरा वर्षं गालिचे विणतोय. डावी अर्धी बाजू तिची, उजवी माझी. आणि आमचे मालक, उस्ता यदुल्ला, आत आले की पहिली नजर डावीकडे! "वा, तूबा खानम, वा!" मी काय तिथे लोकर चघळत बसलेली असते?

त्या वर्षी उस्तांनी नवीनच टूम काढली. गालिच्याच्या वरच्या काठात एक छोटी चौकट असते. तिच्यात आजवर उस्तांचंच नाव विणलं जायचं. ते म्हणाले, "या खेपेला जिचं काम सरस, तिचं नाव चौकटीत. मशहदहून आलो की बघतो." आणि गेले यात्रेला. तिकडेच लेकीकडे चार महिने राहिले.

तूबा हसली. "चला, आपल्यातल्या एकीचं तरी नाव लागेल."

एकीचं! म्हणजे स्वतःचं, हे बाईसाहेबांनी धरूनच चाललेलं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

गाठींची ओळ भरली, आडवा दोरा घातला, की लोखंडी पंजाने ठोकून बसवायचं असतं. तूबा एक ठोका मारी तिथे मी तीन मारू लागले. वीण अशी घट्ट की सुई शिरू नये. घरी भाताचं पातेलं उचलवेना. नवरा म्हणाला, "गालिचा विणतेस की दगड फोडतेस?"

थोड्या दिवसांनी तूबा म्हणाली, "अगं माहरुख, हळू ठोक. तुझी बाजू खाली चाललीय."

"मग तू जोरात ठोक की!"

"माझं मनगट दुखतंय गं. आणि दोघींचा हात सारखा पडायला नको का? तुला काय नव्याने सांगायचं?"

"मनगट कशाला म्हणतेस? पोटात दुखतंय म्हण."

ती पुन्हा गाठी मारू लागली. मला वाटलं, जिंकले मी.

उस्ता परतले तेव्हा काम चौकटीपर्यंत आलं होतं. ते खाली वाकले आणि माझ्या बाजूवरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला. "माहरुख खानम, चाळीस वर्षांत अशी वीण या मागावर झाली नाही. तूबालाही जमली नसती."

अकरा वर्षं ज्या शब्दांसाठी मी झुरले, ते हे शब्द. मी आधी काय केलं असेल? तूबाचं तोंड बघितलं.

"आणि याच विणीने गालिचा वाया गेला," उस्ता म्हणाले. त्यांनी बोटांनी मोजलं. माझी बाजू चार बोटं आखूड होती. "उसवून पुन्हा विणायचं म्हटलं तर आणखी सहा महिने जातील. एवढा काठ पुरा करा. चौकट मोकळीच राहू द्या."

मागावरून उतरवून जमिनीवर टाकला, तर एक कोपरा दाबला की दुसरा वर येई. मेला काही केल्या सपाट बसेना. आणि खरं सांगू? तो असा वाकडा पडलेला दिसत असतानाही माझ्या कानात 'तूबालाही जमली नसती' हेच घुमत होतं. लाज वाटली, पण घुमायचं थांबलं नाही.

विकणार कोणाला? कारखान्यातच अंथरलाय. दुपारी आम्ही त्याच्यावर बसून चहा पितो. नवीन कोणी आलं की हमखास विचारतं, "अगंबाई, हा वाकडा कोणी विणला?"

तूबा साखरेचा खडा गालात सरकवते आणि म्हणते, "आम्ही दोघींनी."

किती सहज म्हणते! माझ्यावर एकदा बोट दाखवलं नाही तिने आजवर. आणि मी मेली खाली बघून पेला धरते, तेव्हा जिभेच्या टोकावर काय येतं ठाऊक आहे? उजवी बाजू माझी आहे हो, उजवी.